सन २०१६ पासून माहीत

रायपूर,
१४ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
अपर्णाचा स. जयभीम. वि. वि.

आधी माफी. तुझ्या मे महिन्यातल्या पत्राला मी आज, चार महिन्यांनी, उत्तर लिहायला बसले आहे. बाबा रेल्वेच्या टपालात, आरएमएसमध्ये, आयुष्यभर लोकांची पत्रं लावत राहिले आणि आपल्या तिघांना सांगत राहिले की महत्त्वाचं असेल ते लिहून कळवा. त्यांची मुलगी ग्रंथपाल होऊनही पत्राचं उत्तर देत नाही. फोनवर तू विचारतोस आणि मी ठीक आहे म्हणते, कारण घर दोन खोल्यांचं आहे. भिंतीपलीकडे आपला धाकटा, हरिदास, पडलेला असतो. त्याच्याबद्दल त्याच्याच उशाशी बसून काय बोलणार?

तू ऑगस्टमध्ये दोन दिवस येऊन गेलास, त्यानंतरचं सांगते. तेलीबांध्याच्या त्या दवाखान्यातून अकराव्या दिवशी त्याला घरी आणलं. डॉ. नीलकंठ साहूंनी मला आणि मोनालीला समोर बसवून कागदावर चित्र काढून समजावलं. हिपॅटायटिस बी. बहुतेक जन्मापासूनचा, आईकडून आलेला. आईच्या पोटात पाणी झालं होतं, ते ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. हरिदासचं लिव्हर आकसलं आहे. त्यामुळे अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि त्यातलीच एक फुटून त्या दुपारी मोटरींच्या दुकानात त्याला रक्ताची उलटी झाली. आता गोळी रोज घ्यायची, आयुष्यभर, एक दिवसही न चुकवता. गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, मोनाली रांगेत उभी राहून घेऊन येते. पण दर काही आठवड्यांनी एंडोस्कोपी करून त्या शिरांना रबराची कडी बसवावी लागेल, मधून पोटातलं पाणी काढावं लागेल आणि प्रत्येक वेळी भरती करावी लागेल. साहूसाहेब म्हणाले की तारखा पाळल्या तर गाडी बरीच वर्षं चालेल. चुकवल्या तर पुन्हा तशीच उलटी, आणि दर वेळी माणूस वेळेवर दवाखान्यात पोचेलच असं नाही.

आणि इथेच अडलं आहे. विमा कंपनीचं पत्र आलं. क्लेम नामंजूर, पुढची कॅशलेस बंद. कारण असं दिलं आहे की रुग्णाला हा आजार सन २०१६ पासून माहीत होता आणि २०२१ मध्ये पॉलिसी घेताना त्याने तो लपवला. पॉलिसी रद्द करण्याचा विचारही चालू आहे म्हणतात. हरिदासने ते पत्र तीनदा वाचलं आणि मला विचारलं की दीदी, मला २०१६ पासून काय माहीत होतं.

मी दवाखान्यात विम्याच्या खिडकीवर गेले. तिथल्या गृहस्थांनी सांगितलं की केस पेपरात जे लिहिलं असतं तेच कंपनीला जातं, त्यांच्या हातात फक्त स्टेपलर आहे. मग साहूसाहेबांकडे गेले. ते म्हणाले की भरतीच्या वेळी शिकाऊ डॉक्टर मुलीने नातेवाइकांना विचारून इतिहास लिहून घेतला होता, त्यात 'सन २०१६ पासून माहीत' असं आहे. मग त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं की हे सांगितलं कोणी. मी पाणी प्यायला म्हणून उठले.

तूही विचारशील. पुढच्या पत्रात लिहीन. आज तेवढं बळ नाही.

आणखी एक. इकडे जो येतो तो लिव्हरचं नाव ऐकून दारूचीच चौकशी करतो. होळीला अर्धा ग्लास घेणारा आपला हरिदास! मामी तर मोनालीला तोंडावर म्हणाल्या की नवऱ्याला आवरलं असतं तर ही वेळ आली नसती. मोनाली पोळ्या करत राहिली. मी मामींना अडवलं नाही, आणि ते मला टोचतं आहे.

डॉक्टरांनी आपल्या दोघांनाही रक्त तपासायला सांगितलं आहे. तू लगेच कर.

वहिनींना जयभीम. रागावला असशील तर पत्रात रागव, पण लिही.

तुझी,
अपर्णा

◆

नागपूर,
२३ सप्टेंबर २०२५

चि. अपर्णास,
दादाचे अ. आ. आणि जयभीम.

चार महिन्यांनी तुझं पाकीट आलं म्हणून पोस्टमन पेढे मागून राहिला होता. तुझी वहिनी म्हणे की ग्रंथालयात पुस्तक उशिरा दिलं तर तुमची बहीण दंड घेते, मग पत्राचा दंड तिच्याकडून कोण घेईन? मी म्हटलं, वसूल करू.

पहिलं काम झालं. रक्त दिलं, निगेटिव्ह आहे. वहिनीचंही. लॅबवाल्यानं सांगितलं की लस टोचून घ्या, ती पण सुरू केली. तुझं काय निघालं ते तू पत्रात लिहिलं नाही.

आता क्लेमचं. माझ्या ओळखीचे एक वकील आहेत, त्यांच्याकडे जाऊन आलो. ते म्हणाले की एवढं घाबरण्यासारखं काही नाही, एका कागदाचं काम आहे. तू लिहून दे की तातडीच्या विभागात गर्दी होती, तीन पेशंट एकाच वेळी आले आणि त्या नवख्या डॉक्टर पोरीनं दुसऱ्याचा इतिहास हरिदासच्या पेपरवर उतरवला. ती पोरगी आता शिकायला दुसरीकडे गेली असंन, तिले कोण विचारणार? कंपनीचा तक्रार विभाग नाही ऐकला तर भोपाळले विमा लोकपाल आहे. आजारी माणसाच्या बाजूनं जरा झुकतात म्हणे.

२०१६ चं म्हणशील तर मले काही आठवत नाही. त्या वर्षी हरिदासचं लग्न झालं, एवढंच आठवतं. बुद्धपौर्णिमा होती, ऊन असं होतं की मंडपात लोक वरणभात सोडून ताकावर तुटून पडले होते.

मामीचं मनावर घेऊ नको. त्या माझ्या डायबिटीसलेही दारूच म्हणतात.

हरिदासले सांग, दादानं म्हटलं की दुकान महिनाभर बंद राहिलं तर रायपूरच्या मोटरी बंद पडत नाहीत. पोट्ट्यानं आराम करावा.

येत्या विजयादशमीले दीक्षाभूमीवर पाण्याच्या स्टॉलवर माझी पाळी आहे, म्हणून लगेच येता येत नाही. तू तब्येत सांभाळ. आम्ही आहोतच.

तुझा,
दादा

◆

रायपूर,
५ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
स. जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. वकिलांनी सांगितलेला कागद मी लिहायला घेतला होता. 'गर्दी होती' इथपर्यंत लिहिलं. गर्दी खरंच होती. त्यापुढचं वाक्य लिहिता येईना.

त्या मुलीने काही चुकीचं उतरवलं नाही दादा. तिने मी सांगितलेलं लिहिलं.

हरिदासच्या शर्टावर रक्त होतं आणि ती मला विचारत होती की आधी कधी काही लक्षात आलं होतं का. मला वाटलं, एखादी बारीकशी गोष्ट राहून जायला नको, तिच्यावर उपचार ठरेल. म्हणून मी सांगितलं की नऊ वर्षांपूर्वी ब्लड बँकेतून एक फोन आला होता. कोणाला आला होता ते मी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

माझी २०१६ ची डायरी मी काढली. जसं आहे तसं उतरवते.

'२५ एप्रिल. ब्लड बँकेतून फोन. जयंतीच्या शिबिरात हरिदासने दिलेल्या रक्ताबद्दल. त्याला समुपदेशनाला घेऊन या म्हणाल्या, फोनवर सांगता येत नाही. फार विचारलं तेव्हा म्हणाल्या, पीलियावाली टेस्ट दोबारा करनी है. म्हणजे कावीळ. २१ मेला लग्न. पत्रिका छापून आल्या. लग्नानंतर बघू.'

तुला आठवत असेल, विहारातल्या त्या शिबिरात फॉर्म भरायला मी बसले होते, अक्षर चांगलं म्हणून. हरिदास तेव्हा दर दोन महिन्यांनी सिम बदलायचा. कुठल्या नंबरवर सापडेल याचा भरवसा नसायचा. त्याच्या फॉर्मवर मी न विचारता माझा नंबर टाकला. शाळेच्या दाखल्यापासून गॅसच्या कनेक्शनपर्यंत त्याचं सगळं मीच करत आले होते. आई गेली तेव्हा तो विशीत होता, तरी मला तो दप्तर घेऊन उभा असल्यासारखाच दिसायचा.

लग्नानंतर बघू असं मी लिहिलं आहे आणि लग्नानंतर बघितलं नाही. जूनमध्ये ब्लड बँकेचा पुन्हा फोन आला, तेव्हा ते गावाला गेलेत असं मी सांगितलं. तो तिकडे पाठीमागे बसून आंबा खात होता. मग फोन यायचे थांबले आणि मी मनाशी म्हटलं की गंभीर असतं तर थांबले नसते. कोणाशी बोलले, कोणाशी नाही, ते इथे लिहीत नाही. फोन माझ्या हातात होता एवढं पुरे.

पॉलिसी घेताना एजंटने त्याला विचारलं की पूर्वी काही आजार होता का. तो नाही म्हणाला. मी शेजारीच बसले होते. त्याचं उत्तर खरं होतं. माझं गप्प बसणं काय होतं ते मला अजून सांगता येत नाही.

आता असं आहे. मी जर खरं लिहून दिलं, की फोन मला आला आणि हरिदासला आजतागायत काही सांगितलं नाही, तर कंपनीचा मुद्दाच उरत नाही. त्याने काही लपवलं नाही. डायरीच्या पानाची प्रत जोडता येईल. पण अर्ज त्याच्या नावाने जाणार आहे आणि त्यावर सही त्याची लागणार आहे. सही करण्याआधी तो वाचेलच.

खोटं लिहिलं तर पकडले जाऊ शकतो आणि खरं लिहिलं तर तो मला पुन्हा दीदी म्हणेल का ते ठाऊक नाही. त्याची पुढची तारीख नोव्हेंबरची आहे. तू मोठा आहेस. काय करू ते सांग.

तुझी,
अपर्णा

ता. क. माझी रक्ततपासणी राहिली आहे. कॉलेजात मूल्यांकनाला नॅकची समिती येणार, म्हणून वेळ झाला नाही.

◆

नागपूर,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. अपर्णास,
अ. आ. आणि जयभीम.

तुझ्या पत्रात एक माणूस तू गाळला.

त्या पंचवीस एप्रिलले संध्याकाळी तू मले फोन केला होता. मी पत्रिका वाटायले उमरेडले गेलो होतो, बस स्टँडवर उभा होतो. तू म्हटलं की दादा, ब्लड बँकेतून असा फोन आहे, काय करू? मी म्हटलं की येड्यासारखी करू नको, मुलीकडच्यांना समजलं तर सोयरीक मोडन, पोट्टा धडधाकट आहे, लग्न होऊन जाऊ दे. आणि तुले दम दिला की मोनालीच्या घरच्यांसमोर तोंड उघडू नको. मागच्या पत्रात मी लिहिलं की मले काही आठवत नाही. सगळं आठवते अपर्णा. उमरेडचा रसवंतीवाला पण आठवते.

दीक्षाभूमीवर दिवसभर लोकांले पाणी देत होतो. गर्दीत एक म्हातारी बाई, नऊवारी पातळ, डोळ्यानं कमी दिसत असंन, ग्लास घेऊन पिली आणि म्हणाली की तुह्या मायनं तुले चांगलं वळण लावलं रे बाबू. माझ्या हातून जग सुटता सुटता राहिला.

वकिलाचा कागद फाडून टाक. तो मी सुचवला, कारण त्या कागदात आपण दोघंही कुठं नव्हतो. खरं लिही. आणि त्यात माझं नाव घाल. मोठ्या भावाच्या सांगण्यावरून, असं स्पष्ट लिही.

हरिदासले एकटी सांगू नको. मी दिवाळीनंतर सुट्टी टाकून येतो, दोघं मिळून सांगू. तोवर थांब.

आणि नॅकची समिती तुझ्या हातातून रक्त काढायले येऊन नाही राहिली. अर्ध्या तासाचं काम आहे. टाळू नको.

तुझा,
दादा

◆

रायपूर,
२६ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
स. जयभीम. वि. वि.

थांबले नाही. अर्ज नोव्हेंबरच्या तारखेआधी जायला हवा होता, आणि तू आलास की मी तुझ्या पाठीमागे उभी राहीन हे मला ठाऊक होतं.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी मी टिकरापाऱ्याला त्याच्या दुकानात गेले. घरी मोनाली आणि लेक होत्या, म्हणून दुकान. त्याने दोन तास बसायची परवानगी डॉक्टरांकडून मिळवली आहे. एका मोटरवर तांब्याची तार गुंडाळत होता, तोंडाने वेढे मोजत होता. मी स्टुलावर बसून त्याला अर्ज वाचून दाखवला, मग डायरीचं पान. अर्ध्यावर त्याचं मोजणं थांबलं, पण हात थांबला नाही. संपल्यावर त्याने ती सगळी तार उलगडून पुन्हा रिळावर घेतली, कारण आकडा चुकला होता.

त्याने मला तीन गोष्टी विचारल्या. जूनच्या फोनच्या वेळी तो खरंच घरात होता का. मी हो म्हटलं. मोनालीला माहीत होतं का. मी नाही म्हटलं. आणि आणखी कोणाला माहीत होतं का.

दादा, मी म्हटलं की नाही, फक्त मला. अर्जातही तुझं नाव घातलं नाही. त्याला एक भाऊ तरी पूर्ण शिल्लक राहावा असं वाटलं.

त्याने सही केली. बोटाला वार्निश होतं, त्याचा डाग कागदावर पडला आहे. मग म्हणाला की डॉक्टर नेहमी विचारतात, आधी का नाही आलात, तेव्हा मी त्यांची माफी मागायचो. एवढंच. आवाजही चढवला नाही.

मोनालीला त्याने स्वतः सांगितलं. तिचा रिपोर्टही त्याच आठवड्यात आला. तिला हा आजार कधीतरी होऊन गेला आहे आणि तिच्या शरीराने तो आपोआप घालवला आहे. साहूसाहेब म्हणाले की मोठ्या वयात बहुतेकांचं असंच होतं, आता धोका नाही. लेकीला जन्मल्याबरोबर दवाखान्यात लस मिळाली होती, ती पूर्ण सुरक्षित आहे. हे सगळं नशिबाने झालं, माझ्यामुळे नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी मोनाली तीन आठवडे झोपून होती, जेवण जात नव्हतं, आणि मी शेजारणीला सांगत होते की गोड बातमी दिसते.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ते तिघं तिच्या माहेरी राजनांदगावला गेले. निघताना मोनाली स्वयंपाकघरात आली, डबे कुठे आहेत ते दाखवलं, सरकारी दवाखान्याचं गोळ्यांचं कार्ड सोबत नेते म्हणाली. मग म्हणाली की दीदी, सगळे मला बोलत होते की मीच ह्यांना पिऊ देते, आणि तुम्ही बाजूला बसून ऐकत होतात. तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला समजतंय का ते पाहत असावी.

अर्ज कंपनीच्या तक्रार विभागाकडे रजिस्टर पोस्टाने गेला. तू आता येऊ नकोस, घरात कोणी नाही.

तुझी,
अपर्णा

◆

राजनांदगाव,
४ जानेवारी २०२६

दीदी,
जयभीम.

चिठ्ठी लिहिणं मले जमत नाही हे तुले माहीत आहे. शाळेत असतानी माझा सुट्टीचा अर्ज बी तूच लिहायची न् मी खाली सही ठोकायचो. हे मी स्वतः लिहून राहिलो. चुका दिसल्या तं लाल पेननं गोल नको करू.

फोन काहून उचलत नाही म्हणशील, तं साहू डॉक्टरनं गुस्सा करायची मनाई केली. फोनवर मले गुस्सा येते. लिहितानी हात दुखते न् गुस्सा थकून जाते. मोनाली म्हणते हे औषध पहिलेच सुचायले पाहिजे होतं.

पहिले खबर. कंपनीची चिठ्ठी इथल्या पत्त्यावर आली. क्लेम मंजूर. कॅशलेस पुन्हा चालू, पॉलिसी बी राहते. त्यात लिहिलं आहे की बीमाधारकाले आजाराची माहिती नव्हती हे मान्य करण्यात येते. नोव्हेंबरच्या एंडोस्कोपीचं मोनालीच्या भावानं निभावून नेलं होतं, तेही आता त्याले परत देता येईन. म्हणजे मले काहीच माहीत नव्हतं हे कंपनीनं शिक्का मारून सांगितलं. सासरे म्हणे पेढे वाटा. मोनाली म्हणे घरात सगळ्यात अडाणी कोण त्याचं सर्टिफिकेट भेटलं, फ्रेम करून दुकानात लावा. मी हसलो. नंतर मागच्या अंगणात जाऊन बसलो.

आता दुसरं. दादा येऊन गेला. मागच्या महिन्यात, सहा डिसेंबरच्या आधी. उभ्या उभ्याच बोलला, बसतही नव्हता. उमरेडचं सांगितलं. मले वाटलं का मी त्याच्यावर चिडीन. पण चिडलो तुझ्यावर. तू दुकानात माझ्या समोर बसून म्हटलं की बस तुलेच माहीत होतं. कबूल करतानी बी तूच ठरवलं, मले किती सांगायचं न् किती नाही. खोटं बोलणारी तू नाही दीदी. खोटं बोलणारे परवडले, त्याईले पकडता तरी येते.

नऊ साल झाले. डॉक्टरले मी सरळ विचारलं, तेव्हा गोळी सुरू केली असती तं लिव्हर वाचलं असतं काय. तो म्हणे कदाचित. लहानपणापासून मले तू सांगत आली की नीट झोप, सगळं मी पाहून घेतो. आता तो 'कदाचित' मले झोपू देत नाही न् तू बी तो पाहून घेऊ शकत नाही.

मोनालीले मी विचारलं की तेव्हा सांगितलं असतं तं लगन केलं असतं काय. ती म्हणे माहीत नाही, मले कोणी विचारलंच नाही. तू तिच्याशी बोल. माझ्यासमोर नको, मी मधात बसलो का ती माझ्याकडं पाहून उत्तर देते. मामीचं बी मनात आहे तिच्या.

लेक तुझी आठवण काढते. तिले मी काही सांगितलं नाही. मोठी झाली का सगळंच सांगीन, अर्धं नाही.

आता एक काम तुझ्यासाठी. दादा म्हणे सगळ्यांची टेस्ट झाली, तुझीच नाही. कधी नॅक, कधी परीक्षा, कधी पुस्तकांची मोजणी. तीन महिने मी बी पाहून राहिलो. तुले ऐकायचं नाही आहे, बरोबर ना? माझं बी ऐकायचं नव्हतं तुले. उद्या जाशील तं फॉर्मवर मोबाइल नंबर माझा टाक. रिपोर्ट माझ्याकडं येऊ दे. काय निघते ते पहिले मले समजन. मग मी पाहीन तुले सांगायचं का नाही, न् कधी. घाबरू नको, नऊ साल नाही लावणार.

बुधवारी, चौदा तारखेले, साहूकडं एंडोस्कोपीची तारीख आहे. आम्ही मंगळवारी रायपूरले येऊन राहिलो. मुक्काम घरीच करू. भाजीत तिखट कमी टाकजो. मोनाली स्वयंपाक करणार नाही, तिनं आधीच सांगून ठेवलं आहे.

हरिदास

◆

रायपूर,
११ जानेवारी २०२६, रविवार

चि. हरिदासास,
अ. आ. आणि जयभीम.

तुझं पत्र मिळालं. उत्तर टपालात टाकत नाही, ते पोचेपर्यंत तू इथे आलेला असशील. तुझ्या पलंगावर ठेवते. मंगळवारी वाच, मी तेव्हा स्वयंपाकघरात असेन.

पहिल्या दिवशी मी तुझ्या पत्राला मनातल्या मनात बरीच उत्तरं दिली. लग्न मोडलं असतं, तेव्हा हे औषध फुकट मिळत नव्हतं, आईला पाहिलेलं असल्यामुळे मी घाबरले होते. सगळी खरी आहेत. दुसऱ्या दिवशी ती कागदावर उतरवली आणि वाचली, तेव्हा प्रत्येकात मी होते, तू कुठेच नव्हतास. तो कागद ठेवला नाही.

एक गोष्ट तू म्हणालास ती मान्य करते. मला ऐकायचं नव्हतं. तुला जपते आहे असं मी डायरीत कितीदा लिहिलं असेल. जूनच्या त्या फोनच्या वेळी तू आंबा खात होतास आणि रस मनगटापर्यंत आला होता, ते मला आजही दिसतं. त्या क्षणी हाक मारायला मला फक्त मान वळवायची होती. मी थांबले ते तुला धक्का बसेल म्हणून नाही. तुझ्याकडे बघून ते सांगणं मला जमलं नसतं, म्हणून थांबले. माझी स्वतःची तपासणी मी त्याच कारणाने टाळते आहे, फक्त इथे बघायला आरसा आहे.

दादाचं नाव लपवलं, तेही तसंच. चूक झाली असं लिहून ती संपत नाही, पण चूक झाली.

मामींकडे मी काल गेले होते. मोनालीबद्दल त्या जे बोलल्या ते खोटं होतं, हा आजार आईकडून आला, आणि ते ठाऊक असूनही मी गप्प होते, असं त्यांच्या घरच्या पाच माणसांसमोर सांगितलं. मामी म्हणाल्या की जाऊ दे, आता कशाला उकरून काढतेस. मी म्हटलं की उकरायलाच आले आहे. चहा न घेता आले, तेवढं चुकलं, त्यांना वाईट वाटलं असेल. मोनालीशी बोलायला तुझ्याशिवाय बसेन. तिला माझ्याशी बोलायचं नसेल तर तसं सांगायची मोकळीक तिला आहे, हेही तिला सांगेन. तिला नुसतं कोणी विचारलं नाही असं नाही, मी विचारलं नाही.

बुधवारी तुझ्यासोबत दवाखान्यात मोनाली जाईल ना? मी आले तर बाहेर बाकावर बसेन. डॉक्टर जे सांगतील ते तुम्ही दोघं ऐका. तुम्हाला वाटलं तर मला सांगा.

भाजीत तिखट कमी टाकेन. लेकीसाठी चिवडा केला आहे, तुला त्यातला मिळणार नाही, मीठ जास्त आहे.

तू हे वाचशील तेव्हा माझ्या रक्तात काय आहे ते तुझ्या फोनमध्ये आलेलं असेल आणि मला ते ठाऊक नसेल. मी विचारणार नाही. तुला योग्य वाटेल तेव्हा हाक मार.

राग असेल तोवर असू दे, पण घर हेच समज.

तुझी,
दीदी

डायरी, ११ जानेवारी. उद्या: सकाळी आठ वाजता लॅबमध्ये रक्त देणे, फॉर्मवर मोबाइल नंबर हरिदासचा.